दुसरी रेघ

डॉक्टर अस्मा मुजावर यांनी भरतेशला एकट्यालाच आत बोलावलं. बाहेरच्या बाकावर त्याचे दाजी, सुकुमार पाटील, बसले होते. तेही उठायला लागले, तेव्हा नर्स म्हणाली, "फक्त दात्यानं यायचं."

"दार लावून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. मिरजेतल्या त्या रुग्णालयात मूत्रपिंड रोपणाचं काम त्याच बघत. वाईट बातमी देतानाही त्यांचा आवाज बदलत नसे, असं डायलिसिसला येणारे सगळे म्हणायचे. "तुमची दोन्ही मूत्रपिंडं उत्तम आहेत. बहिणीशी जुळणी तर सख्ख्या भावंडांतही क्वचित मिळते इतकी चांगली. पण एका तपासणीशी अडलंय. एचआयव्हीच्या. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मशीनवर पुन्हा लावून बघितलं, तिथंही तेच."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. भरतेशनं तो घेतला नाही.

"ती येणारच होती," तो म्हणाला. "मी लस घेतलीय. तिन्ही डोस."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. "मग रक्त घेताना सांगायचं नाही का? तुम्हाला लशीच्या केंद्रात बजावलं असेल की, कुठंही रक्त दिलं तरी आधी सांगा म्हणून."

"बजावलं होतं. पण तेव्हा दाजी शेजारी उभे होते."

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. त्यांना कळलं होतं.

एचआयव्हीवर लस यायला एवढी वर्षं उगीच लागली नव्हती. हा विषाणू अंगावरचा कोट इतक्या भराभर बदलतो, की शरीर त्याला ओळखून प्रतिपिंडं तयार करेपर्यंत तो वेगळ्याच वेषात फिरत असतो. पण त्या कोटाचे काही भाग त्यालाही बदलता येत नाहीत. ज्या जागेनं तो आपल्या पेशीला कडी अडकवतो, ती जागा बदलली तर त्याचाच आत शिरण्याचा मार्ग बंद होतो. नेमकी हीच जागा हेरणारी प्रतिपिंडं काही थोड्या रुग्णांच्या शरीरात, वर्षानुवर्षांच्या आजारानंतर, आपोआप तयार झालेली शास्त्रज्ञांना सापडली होती. निरोगी शरीराला हे आधीच कसं शिकवायचं, हा खरा प्रश्न होता. एका इंजेक्शनात ते जमेना. मग टप्पे पाडले. पहिल्या डोसानं योग्य त्या पेशी जाग्या करायच्या, दुसऱ्यानं त्यांना वळण लावायचं, तिसऱ्यानं ते वळण पक्कं करायचं. हे जमलं आणि लस आली.

पण रुग्णालयातली नेहमीची चाचणी विषाणूला शोधतच नाही. ती शोधते प्रतिपिंडं, म्हणजे विषाणू येऊन गेल्याच्या पाऊलखुणा. लस घेतलेल्याच्या रक्तात पाऊलखुणा असतात, पाऊल टाकणारा कुणी नसतो. चाचणीला हा फरक कळत नाही. त्यामुळे गावात जो सर्वांत सुरक्षित, तोच चाचणीच्या लेखी बाधित.

आणि ही लस पहिल्यांदा कुणाला मिळाली, तर ज्यांना धोका सर्वांत जास्त त्यांना. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना आणि तृतीयपंथी स्त्रियांना. हा धोका त्यांच्या चालचलणुकीतून आलेला नव्हता. शरीरसंबंधाच्या एका प्रकारात हा विषाणू इतर प्रकारांपेक्षा सहज आत शिरतो, आणि लपून जगणारा माणूस दवाखान्याची पायरी उशिरा चढतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजाराला फावतं. म्हणून सरकारनं लस आधी तिकडे पाठवली. ते बरोबरच होतं. पण त्यामुळे 'मी लस घेतलीय' एवढं वाक्यसुद्धा तोंडातून काढायची चोरी झाली.

"दात्याला कधीही माघार घेता येते," डॉक्टर म्हणाल्या. "कारण सांगावं लागत नाही. मी बाहेर एवढंच सांगीन, वैद्यकीय अडचण आहे, जमत नाही. तुमच्या दाजींनी कितीही खोदून विचारलं तरी त्यापुढं एक शब्द जाणार नाही."

"आणि अक्का?"

"यादीत नाव आहे. डायलिसिस चालू ठेवू."

"डॉक्टर, डायलिसिसची तिच्या हाताची शीर दुसऱ्यांदा बंद पडलीय. आता मानेतून नळी लावताय."

"हो." त्यांनी नजर चुकवली नाही. "मानेतून फार काळ चालत नाही."

भरतेशनं आता ग्लास उचलला. "मला द्यायचंच असेल तर?"

"तर पुण्याच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवावं लागेल. तिथं दोन गोष्टी बघतात. एक, रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का. दुसरं, प्रतिपिंडं फक्त लशीतल्या तुकड्याविरुद्ध आहेत, की विषाणूच्या बाकी अंगाविरुद्धही. लशीत विषाणूचा एक छोटासा भाग आहे, त्यामुळे हे वेगळं काढता येतं. मग रुग्णालयाच्या रोपण समितीसमोर जावं लागेल, कारण नियमात अजून या लशीचा उल्लेखच नाही. आणि अजून एक..." त्या थांबल्या. "तुमच्या बहिणीला सगळं सांगावं लागेल. दात्याच्या रक्तात काय आहे आणि का आहे, हे माहीत असल्याशिवाय त्यांची संमती धरता येत नाही. तुमची परवानगी असेल तर मी सांगीन. पण तुम्ही सांगितलेलं बरं."

बाहेर आल्यावर दाजींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"एक तपासणी पुण्याला जाणाराय."

"एवढंच ना? मग चल, चहा घेऊ."

भरतेश चौगुले इचलकरंजीत राहायचा. कापड विणणाऱ्या एअरजेट मागांवरचे कंप्युटर दुरुस्त करणं हे त्याचं काम. वय चौतीस. आई गेली तेव्हा तो लहान होता, आणि वडील मागावर दोन-दोन पाळ्या करायचे, त्यामुळे त्याला वाढवलं राजमतीनं, त्याच्या अक्कानं. त्याची शाळा पुरी होईपर्यंत तिनं स्वतःचं लग्न लांबवलं. पुढं सुकुमार पाटलांशी लग्न होऊन ती कुरुंदवाडला गेली, तरी ह्याच्या जेवणाखाण्याची चौकशी रोज फोनवर व्हायचीच.

जयवंत रविवारी दुपारी आला. तो जयसिंगपूरच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. दहा वर्षं दोघं एकत्र होते आणि दहा वर्षं सगळ्यांना तो 'भरतेशचा दोस्त' म्हणून माहीत होता. लसही दोघांनी एकाच दिवशी घेतली होती.

भरतेशनं सगळं सांगितलं. जयवंत कांदा चिरत होता, तो चिरायचा थांबला.

"निर्धास्त राहता यावं म्हणून घेतली होती ना आपण?"

"आहोतच की निर्धास्त. आजाराचं भय संपलंच ना?"

"बाकीचं?" जयवंतनं सुरी खाली ठेवली. "तू सांगितलंस की दुसऱ्या मिनिटाला त्यांना माझं तोंड आठवणार. दर दिवाळीला मी अक्कांच्या हातचं खाऊन आलोय."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"नाव घ्यायला लागतंय का त्याला?" तो खिडकीपाशी गेला, परत आला. "खोटं सांग. कंपनीत कुणीतरी स्वयंसेवक मागितले होते, तू गेलास. संशोधनासाठी."

भरतेशनं हा विचार केला नव्हता असं नाही. दोन दिवस तो तेच घोळवत होता. "चाललंही असतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही खपलं असतं. पण जयवंत, तिच्या अंगात माझा एक तुकडा जन्मभर राहणार. तो खोटं बोलून बसवायचा?"

"मला तुझ्यासारखं मोठं होता येत नाही."

"मी कुठं मोठा झालोय? दोनदा कुरुंदवाडच्या बसमध्ये चढून परत उतरलोय."

जयवंत जेवला नाही. जाताना दार मात्र हळूच ओढून घेतलं. तो आदळून गेला असता, तर भरतेशला बरं वाटलं असतं.

तो कुरुंदवाडला गेला, तेव्हा अक्का अंगणातल्या कॉटवर बसली होती. पाणी बेतानं प्यायचं असल्यामुळे तोंडात बर्फाचा खडा धरायची तिला सवय लागली होती. मानेवर पांढरी पट्टी, तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या पदराखाली झाकलेल्या. कोल्हापूरकडच्या बायकांसारखी तीही 'आलो, गेलो' करूनच बोलायची.

"बरं झालं आलास. नांदणीच्या पाहुण्यांशी मी बोललो काल. मुलगी बँकेत हाय. माझं ऑपरेशन झालं की बघायला जाऊ."

"अक्का, ते राहू दे. मला काहीतरी सांगायचंय."

त्यानं सुरुवात चाचणीपासून केली. अर्ध्यातच तिनं बर्फ थुंकून टाकला.

"तुला झालाय?"

"नाही. मला लस दिलीय. पोलिओची लस दिली म्हणून कोण लंगडं होतं का? तसंच हे. रक्तात लशीची खूण दिसते, आजार नाही. पुण्याला रक्त गेलंय, तिथं ते लिहून देतील."

"हां." तिचा जीव भांड्यात पडला. मग कपाळावर आठी आली. "पण ती लस तर त्या लोकांना देतात. टीव्हीवर सांगत होते. तुला कशी दिली?"

"मी त्यातलाच आहे."

"कुणातला?"

"अक्का, मला बायकांविषयी कधी काही वाटलंच नाही. मला पुरुष आवडतात. शाळेत असल्यापासून."

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. अक्का त्या ऐकत बसल्यासारखी बसली. भरतेशला वाटलं ती रडेल, किंवा त्याला जवळ घेईल. दोन्हीची तयारी करून तो आला होता. तिसरं काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं मी तुझ्यासाठी घरं पालथी घालतोय. तू नको म्हणायचास आणि मी कारणं हुडकत बसायचो. दानोळीच्या त्या पोरीच्या आईला मी तोंडावर म्हणालो, आमच्या पोराला सावळी नको. ती पोर दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. काय चुकलं होतं रे तिचं?"

"अक्का..."

"तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं, आणि तू गप बसलास. माझ्या तोंडून ते बोलवलंस."

"मी भ्यालो होतो."

"कुणाला? मला?" तिचा आवाज चढला आणि लगेच दमानं तुटला. "जा. मला नको तुझी किडनी. कुणाचीच नको."

चार-पाच दिवस तिनं फोन घेतला नाही. मग दाजींचाच आला. अक्कानं त्यांना सांगितलं होतं.

"काय करून ठेवलंस हे?" दाजी फोनवर ओरडायचे नाहीत, पण आज ओरडले. "धड जेवत नाही, बोलत नाही. आणि समजा तिनं घेतली तुझी, आणि उद्या तिला काय झालं, तर? गावात मी काय सांगू?"

"दाजी, गावाचं नंतर बघू. तिला डायलिसिसला नेताय ना?"

"नेतोय की." दाजींचा आवाज उतरला. मग ते म्हणाले, "ती म्हणते, तुला ती लस ज्यांनी दिली, त्यांना भेटायचंय. तुला विचारायला सांगितलंय तिनं."

भरतेशला लस देणाऱ्या कस्तुरीचं केंद्र सांगलीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. शुक्रवारी डायलिसिस झाल्यावर दाजींनी गाडी तिकडे वळवली. स्वतः मात्र स्टिअरिंगवरच बसून राहिले. "तुम्ही जाऊन या," म्हणाले. भरतेशनं अक्काला धरून जिना चढवला.

कस्तुरी पन्नाशीची. उंच, रुंद खांद्यांची, नीट चापून नेसलेली इरकली. तिनं अक्काला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे फिरवला आणि म्हणाली, "मी तुमचीच वाट बघत बसले होते. सकाळपासून दोनदा खाली जाऊन आले."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "राग मानू नका. तुम्ही कुठल्या?"

"जन्म शिरोळचा."

"मग आमच्याच भागातल्या की. आमच्यात बायका सगळ्या 'आलो, गेलो' म्हणतात. तुम्ही एकट्याच 'आले, गेले' म्हणताय."

कस्तुरी खळखळून हसली. "तुम्हाला ते जन्मतः मिळालंय, म्हणून तुम्ही टाकून दिलंत तरी चालतं. मी कमावलंय. मी कशी सोडीन?"

अक्कालाही हसू आलं. कित्येक दिवसांनी तिला हसताना बघून भरतेश जिन्याच्या दाराशीच थांबला.

"ती लस तुम्हीपण घेतली?" अक्कानं विचारलं.

"मला तिचा उपयोग नाही. मला लागण आधीच झाली होती. मी गोळ्या घेते. इतकी वर्षं घेतेय की आता रक्तात शोधूनसुद्धा विषाणू दिसत नाही. माझ्यापासून कुणाला होतही नाही. पण तो आत दडून आहे, तो गेलेला नाही. लस म्हणजे घरात शिरू न देणं. शिरल्यावर तिचं काम संपलं."

"तुम्हाला उशीर झाला म्हणायचा."

"माझ्या मैत्रिणींना माझ्याहून जास्त झाला, त्या गेल्याच," कस्तुरी म्हणाली. तिनं भिंतीकडे किंवा कुठल्या फोटोकडे बघितलं नाही, सरळ अक्काकडेच बघत होती. "आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा तपासणीला गेले, तर पुरुषांच्या रांगेत उभं केलं. दुसऱ्यांदा बायकांच्या रांगेत उभी राहिले, तर ओढून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. त्या मधल्या काळात जे व्हायचं ते झालं. म्हणून हे केंद्र काढलं. इथं रांग एकच."

अक्कानं खुर्ची थोडी पुढं ओढली. मग हळू आवाजात तिनं तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती खरं तर जिना चढून आली होती. "हा इथं पहिल्यांदा आला, तेव्हा कसा होता?"

कस्तुरीनं भरतेशकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली.

"घामानं भिजलेला. मी लशीचं सगळं समजावलं. ताप येईल, हात दुखेल, चाचणीत रेघ येईल. त्याचं काही त्याला वाटलं नाही. एकच विचारत होता, माझ्या बहिणीला कुणी कळवणार नाही ना? तीन डोसांना तीनदा विचारलं."

"म्हणजे त्याला आजाराचं भय नव्हतं."

"होतं. पण तुमचं त्याहून जास्त होतं."

परतीच्या वाटेवर अक्का मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. अंकलीचा पूल गेला, जयसिंगपूर गेलं. शिरोळच्या आधी तिनं डोळे न उघडताच म्हटलं, "मुजावर मॅडमना सांग, मी सही करतो. आणि बरा झालो की आधी दानोळीला जायचं. त्या पोरीची माफी मागायचीय मला. आता लग्न झालं असेल तिचं, पण माफी मागायचीच."

"अगं, पण..." दाजींनी आरशातून मागे बघितलं.

"तुम्ही गाडी बघून चालवा."

पुण्याचा अहवाल आला. विषाणू नव्हता, आणि प्रतिपिंडं लशीचीच होती. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच आलं. तरीही समितीतले एक ज्येष्ठ डॉक्टर अडून बसले. माणूस वाईट नव्हता. नियम मोडला आणि काही झालं, तर पुढच्या दहा रुग्णांचं रोपण अडेल, ही त्यांची काळजी होती.

"नियमात स्पष्ट आहे," ते म्हणाले. "प्रतिपिंडं आढळल्यास दाता बाद."

"सर, तो नियम लिहिला तेव्हा प्रतिपिंडं म्हणजे लागण, याला दुसरा अर्थच नव्हता," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "आता आहे. आज आपण ह्यांना बाद केलं, तर उद्या लस घेतलेला प्रत्येक जण बाद होईल. रक्त द्यायला, अवयव द्यायला, कदाचित नोकरीलाही. मग लस घेईल कोण? ज्यांनी स्वतःला आणि दुसऱ्यालाही वाचवायचं ठरवलं, त्यांनाच आपण शिक्षा देऊ."

"धोका शून्य आहे, असं लिहून द्याल?"

"कुठल्याच दात्याबद्दल मी शून्य लिहून देत नाही. तुम्हीही देत नाही. ह्या दात्याचं रक्त आपण इतर कुणाहीपेक्षा जास्त तपासलंय, हे लिहून देते."

त्यांनी अक्काला आत बोलावलं. चाकाच्या खुर्चीवर ती ताठ बसली होती.

"तुम्हाला सगळी माहिती दिली आहे?" ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं. "भावानं लस का घेतली, तेही?"

"व्हय. सगळं सांगितलंय त्यानं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. बेशुद्ध करतात त्याची वाटते. मानेतली ही नळी बिघडायची वाटते." तिनं पदर सारखा केला. "ह्याला मी वाढवलाय, साहेब. त्याच्या मनात काय होतं, ते मला उशिरा कळलं, ती माझी चूक. पण त्याच्या अंगात वाईट काय नाही, हे तुमच्या मशीननं सांगायच्या आधीपासून मला ठाऊक हाय. मशीननं सांगितलं ते बरंच झालं. तुम्हाला सोपं जाईल."

समितीनं परवानगी दिली. ज्येष्ठ डॉक्टरांनी सही करताना खाली स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली, की नियम बदलण्याची शिफारस ते स्वतः वर पाठवतील.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दाजी सकाळपासून उभेच होते. बसा म्हटलं तरी बसेनात. दुपारी डॉक्टर मुजावर टोपी काढत बाहेर आल्या. "रक्तपुरवठा जोडल्याबरोबर मूत्रपिंड गुलाबी झालं. टेबलावरच लघवी सुरू झाली," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काहीतरी हललं. दाजींना रडू आलं. लघवी सुरू झाली म्हणून माणूस रडेल, असं त्यांना कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

अक्का काचेआड होती, तिच्याकडे कुणाला सोडत नव्हते. भरतेश वरच्या मजल्यावर, कुशीला टाके घेऊन पडला होता. दुसऱ्या दिवशी दाजी त्याच्या खोलीत आले, तर दारात जयवंत उभा होता. हातात मोसंब्यांची पिशवी. आत जावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि तो बराच वेळ तसाच उभा असावा.

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. दहा दिवाळ्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात त्या क्षणी जुळला. जयवंतलाही ते दिसलं. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सर," दाजी म्हणाले, "मला खाली तिच्यापाशी थांबायला पाहिजे. ह्याच्याजवळ घरचं कोणतरी लागतंय म्हणतात. तुम्हाला रजा मिळेल का?"

"काढूनच आलोय," जयवंत म्हणाला.

"मग असं करा, ती खुर्ची खिडकीपाशी घ्या. पंख्याचं वारं तिकडं येतं."

ते गेल्यावर जयवंत खुर्चीत बसला. भरतेशचे डोळे मिटलेलेच होते, पण तो म्हणाला, "मोसंबी सोलणार आहेस, की नुसती आणलीयस?"

त्यानंतरच्या वर्षी सरकारनं ती लस अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी खुली केली. आरोग्य खात्याचं गणित सरळ होतं. निवडक लोकांनाच लस दिली, तर तिची खूण डागासारखी राहील आणि धोक्यातली माणसं तिच्यापासून लांब पळतील. सगळ्यांनी घेतली, तर विषाणूला जागा उरणार नाही आणि त्या खुणेलाही कुणी विचारणार नाही. नेहमीच्या चाचणीच्या जागी नवी चाचणी यायला मात्र अजून वेळ होता.

कुरुंदवाडला शिबिर लागलं, ते नगरपालिकेच्या शाळेत. कस्तुरी सांगलीहून दोन नर्सना घेऊन आली होती. टेबलं मांडली, लशीची पेटी उघडली, आणि दहा वाजले तरी कुणी फिरकलं नाही. बघायला मात्र बरेच आले होते. समोरच्या चहाच्या गाड्याभोवती पंधरा-वीस माणसं उभी राहून कोण आत जातंय ते बघत होती. पहिला जो जाईल त्याच्याविषयी संध्याकाळपर्यंत काय बोललं जाईल, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं.

अक्का भरतेशबरोबर आली होती. तिच्या अंगावर आता मांस चढलं होतं, आणि दानोळीची माफीही मागून झाली होती. त्या मुलीनं तिला चहा पाजला होता, पण माफ केलं की नाही ते सांगितलं नव्हतं. अक्काला स्वतःला लस घेता येणार नव्हती. रोपण टिकवण्याच्या गोळ्यांनी शरीराची शिकण्याची ताकदच दाबून ठेवलेली असते.

"मला चालली असती, तर मीच बसलो असतो पहिला," ती कस्तुरीला म्हणाली.

तेवढ्यात दाजी शाळेच्या फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, टोपी, पायात बाजारच्या दिवशीच्या वहाणा. गाड्याभोवतीची बोलणी थांबली. दाजी सरळ टेबलापाशी आले, खुर्चीवर बसले आणि बाही वर करायला लागले.

"पाटील," कस्तुरी म्हणाली, "आधी सांगायला पाहिजे मला. हात दोन दिवस दुखेल. आणि यापुढं तुमचं रक्त कुठंही जुन्या पट्टीवर तपासलं, तर दुसरी रेघ येणार. लोक विचारतील."

"विचारू देत की," दाजी म्हणाले. ते मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. "आमच्या मेव्हण्याच्या रक्तात हाय, त्याच्या दोस्ताच्या रक्तात हाय. बायकोच्या पोटातली किडनी त्याच घरातली. मी एकटा कोरा राहून काय करू?"

नर्सनं सुई टोचली. दाजींनी तोंड वाकडं केलं, मग उठून फाटकापाशी गेले, आणि कापसाचा बोळा दंडावर दाबून धरत गाड्याकडे बघून ओरडले, "अरे, चहा काय पळून चाललाय का? या की आत. रांग एकच हाय."

आधी कुणी हललं नाही. मग दूध डेअरीचा सेक्रेटरी कप खाली ठेवून निघाला, त्याच्यामागं त्याचा भाऊ. दुपारपर्यंत कस्तुरीला सांगलीहून आणखी डोस मागवावे लागले.